अधिकार एकाचे, जबाबदारी दुसऱ्याची

‘नायब’ हा शब्द मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. तालुक्याच्या कचेरीत तहसीलदारांच्या हाताखाली नायब तहसीलदार असतात. वरिष्ठाच्या वतीने आणि वरिष्ठाच्या आज्ञेने काम पाहणारा, हा त्या शब्दाचा अर्थ कोणाही खेडुताला समजतो. मग नायब राज्यपाल हे नेमके कोणाचे नायब? दिल्लीत राज्यपाल नाहीत, पुदुचेरीतही नाहीत. पण त्यांचे नायब मात्र दोन्ही ठिकाणी आहेत. हा केवळ शब्दाचा खेळ असता तर त्यासाठी पहिल्या पानावरची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु मुख्याविना नायब ही जी विचित्र व्यवस्था आपण चालवीत आहोत, तिच्यामुळे कोट्यवधी नागरिकांच्या मताला कितपत किंमत उरते, हा प्रश्न निर्माण झाला आहे; आणि तो शांतपणे तपासून पाहण्यास आजच्याइतका अनुकूल काळ क्वचितच लाभेल.

अनुकूल अशासाठी की, दिल्लीतील रणधुमाळी आता थांबली आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षालाच दिल्लीच्या मतदारांनी कौल दिला, आणि त्यापूर्वी दहा वर्षे मुख्यमंत्री व नायब राज्यपाल यांच्यात रोज झडणारे वाद थंडावले. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण भांडण थांबले म्हणजे भांडणाचे कारण नाहीसे झाले असे नव्हे. दोन्हीकडे एकाच पक्षाची माणसे असली म्हणजे कारभार सुरळीत चालतो आणि निराळ्या पक्षांची असली म्हणजे तो अडतो, एवढेच यातून सिद्ध होते. आणि नेमका हाच त्या व्यवस्थेतील दोष आहे. राज्यघटना ही मतभेदाच्या दिवसांसाठी लिहिलेली असते. स्नेह्यांना करारपत्राची आवश्यकता भासत नाही.

प्रथम या पदाचे कुळ पाहू. लेफ्टनंट गव्हर्नर हे इंग्रजी अमदानीचे अपत्य. मुंबई व मद्रास या जुन्या इलाख्यांना विलायतेहून नेमलेले गव्हर्नर व त्यांचे कार्यकारी मंडळ होते. पुढे राज्यविस्तार झाला तेव्हा वायव्य प्रांताला १८३६ साली, बंगालला १८५४ साली आणि पंजाबला १८५९ साली लेफ्टनंट गव्हर्नर मिळाले. हे बहुधा सनदी नोकरांतून निवडलेले असत आणि त्यांची निष्ठा व उत्तरदायित्व कलकत्त्यास बसलेल्या गव्हर्नर जनरलकडे असे. म्हणजे ते नायब होते ते मध्यवर्ती सत्तेचे. १९१९ साली जालियनवाला बागेची कत्तल झाली तेव्हा पंजाबवर अधिकार गाजवीत असलेले मायकेल ओडवायर याच पदावर होते, हे वाचकांस स्मरत असेलच. पुढे १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या कारभारात लोकप्रतिनिधींचा अंशतः का होईना शिरकाव झाला, तेव्हा त्याच कायद्याने पंजाबसारख्या मोठ्या प्रांतांतील लेफ्टनंट गव्हर्नर जाऊन तेथे पूर्ण दर्जाचे गव्हर्नर आले. लोकनियुक्त मंत्री आणि मध्यवर्ती सत्तेचा नायब यांची जोडी शोभत नाही, एवढे तारतम्य परकीय राज्यकर्त्यांनाही होते.

अमेरिकेतही बहुसंख्य राज्यांत लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. पण तेथील पदाशी आपल्या पदाचे साम्य केवळ नावापुरते आहे. तेथे गव्हर्नर हा लोकांनी निवडलेला प्रत्यक्ष कारभारी असतो आणि लेफ्टनंट गव्हर्नर हा बहुतेक ठिकाणी लोकांनीच निवडलेला त्याचा वारस असतो. मेन, न्यू हॅम्पशायर, ओरेगॉन, वायोमिंग ही राज्ये त्याच्यावाचून चालत आली. उलट न्यू जर्सीत गव्हर्नरांच्या राजीनाम्यानंतर सेनेटच्या अध्यक्षांकडेच दोन्ही खुर्च्या आल्याचा अनुभव घेतल्यावर २००५ साली मतदारांनी हे पद नव्याने निर्माण केले. तेथे वाद आहे तो पद निरुपयोगी आहे की काय याचा. आपल्याकडे वाद आहे तो, ज्याला कोणी निवडून दिलेले नाही अशा पदाला इतका अधिकार का, याचा.

स्वतंत्र भारतातही हे पद पुन्हा आले. १९५२ साली दिल्लीला विधानसभा मिळाली आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती गेली. १९६२ च्या घटनादुरुस्तीने आणि १९६३ च्या कायद्याने हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, पुदुचेरी (त्या काळचे पाँडिचेरी) आणि गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा देण्यात आल्या. पण त्याच कायद्यात अशी मेख मारून ठेवण्यात आली की, मंत्रिमंडळ आणि केंद्राने नेमलेला प्रशासक यांच्यात मतभेद झाल्यास प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे, जावे. आणि मध्यंतरी तातडी वाटल्यास प्रशासकाने आपल्या मताने पाऊल उचलावे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेण्याची ही तजवीज होती.

मराठी वाचकाला या व्यवस्थेचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी तेथे नायब राज्यपाल आले, आणि डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, या पदाचा त्या काळी उपयोगही झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आला, तेव्हा तो निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ बाजूस झाले आणि कारभार नायब राज्यपालांच्या हाती गेला. एक लाख बाहत्तर हजारांवर मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने व एक लाख अडतीस हजारांवर विलीनीकरणाच्या बाजूने पडली. तो निकाल महाराष्ट्रात अनेकांच्या जिव्हारी लागला, तरी मतदानाने लागलेला निकाल म्हणून तो मान्य झाला.

पण त्या कौलात गोमंतकीयांना तिसरा पर्याय नव्हता, हे विसरता कामा नये. पूर्ण राज्य हवे की नको, असे त्यांना कोणी विचारलेच नाही. त्यानंतर तब्बल वीस वर्षे लोकनियुक्त मुख्यमंत्र्यांच्या डोक्यावर नायब राज्यपाल राहिले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले आणि नायब राज्यपालांच्या जागी राज्यपाल आले. तेव्हापासून आजवर गोव्यात मंत्रिमंडळे पडली, पक्षांतरे झाली, जे जे अन्य राज्यांत घडते ते सर्व घडले. परंतु नायब राज्यपाल नसल्यामुळे गोव्याचे अमुक एक अकल्याण झाले, असे सांगणारा एकही गोमंतकीय आम्हांस आढळलेला नाही. दाबोळीचा नौदलाचा तळ केंद्राच्याच हाती राहिला, मुरगावचे बंदरही राहिले. केंद्राच्या सूचीतील विषय केंद्राकडे ठेवण्यासाठी राज्याच्या डोक्यावर नायब बसवावा लागत नाही, हा गोव्याचा पहिला धडा.

दुसरी कथा दिल्लीची. १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीने राजधानीला पुन्हा विधानसभा मिळाली. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय वगळता राज्यसूचीतील विषयांवर कायदे करण्याचा अधिकार तिला देण्यात आला. हे वाचून कोणासही वाटावे की वाटणी स्पष्ट झाली: तीन विषय केंद्राचे, उरलेले दिल्लीकरांचे. परंतु ‘कोणत्याही बाबतीत’ मतभेद झाल्यास ती बाब नायब राज्यपालांनी राष्ट्रपतींकडे पाठवावी, असे एक उपवाक्य त्याच अनुच्छेदात होते. आणि एवढ्याशा उपवाक्यातून पुढे महाभारत उभे राहिले. ‘कोणतीही बाब’ म्हणजे ‘प्रत्येक बाब’ काय? शाळेतील व्याकरणाच्या तासाला शोभावा असा हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. ४ जुलै २०१८ रोजी न्यायालयाने सांगितले की, नाही. तीन राखीव विषय सोडल्यास नायब राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, प्रत्येक निर्णयाला त्यांची संमती लागत नाही, आणि मतभेदाचा अधिकार हा अपवादात्मक प्रसंगी वापरावयाचा आहे.

एवढ्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. २०२१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून, दिल्ली विधानसभेने केलेल्या कायद्यांत ‘सरकार’ याचा अर्थ ‘नायब राज्यपाल’ असा समजावा, असे ठरविले. नागरिकांनी मते द्यावयाची, आमदार निवडावयाचे, आमदारांनी मुख्यमंत्री ठरवावयाचा, आणि ‘सरकार’ मात्र या मालिकेत कोठेच नसलेल्या व्यक्तीला म्हणावयाचे! पुढे ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सनदी अधिकाऱ्यांवरील नियंत्रणही तीन राखीव विषय वगळता दिल्लीच्या मंत्रिमंडळाचेच आहे, असा निर्णय दिला. अधिकारी मंत्र्याला जबाबदार, मंत्री विधानसभेला जबाबदार आणि विधानसभा मतदारांना जबाबदार, ही उत्तरदायित्वाची साखळी मध्ये कोठेही तुटता कामा नये, हे त्या निर्णयाचे मर्म होते. आठच दिवसांनी, १९ मे रोजी, केंद्राने वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने नेमणुका व बदल्या यांची शिफारस करणारे एक प्राधिकरण निर्माण केले. मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृहखात्याचे प्रधान सचिव असे त्याचे तीन सदस्य. निर्णय बहुमताने घ्यावयाचा. म्हणजे दोन अधिकारी एकत्र आले की लोकनियुक्त मुख्यमंत्री अल्पमतात! आणि त्यानंतरही मतभेद झाल्यास अखेरचा शब्द नायब राज्यपालांचा.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे द्विदल राज्यपद्धतीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९१९ च्या सुधारणांत खात्यांची ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ अशी विभागणी झाली होती. शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपविली, आणि खजिना व पोलीस गव्हर्नरांनी आपल्या मंडळाकडे ठेवले. मंत्र्याने शाळांच्या योजना आखाव्यात आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे, असा तो प्रकार होता. त्या पद्धतीवर आपल्या पुढाऱ्यांनी जी कठोर टीका केली, तिचा गाभा हाच होता की, येथे जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा आहे. अखेर १९३५ च्या कायद्याने इंग्रजांनीच ती प्रांतांतून मोडीत काढली. जे आमच्या वाडवडिलांनी परक्यांच्या हातून घेण्याचे नाकारले, ते आम्ही स्वकीयांच्या हातून निमूटपणे घ्यावे, हे कोणत्या न्यायाने?

या साऱ्यात नागरिकाची अवस्था काय होते, ते पाहावे. रुग्णालयात औषध नाही, नळाला पाणी नाही, तर त्याने कोणास जाब विचारावा? मंत्री म्हणतो, फाईल नायब राज्यपालांकडे अडली आहे. नायब राज्यपाल म्हणतात, प्रस्तावच नियमाला धरून नव्हता. दोघांचेही म्हणणे कदाचित खरे असेल, कदाचित दोघांचेही खोटे. परंतु ते पारखण्याचे साधन नागरिकाजवळ नाही. पाच वर्षांनी तो मंत्र्याला घरी बसवू शकतो, नायब राज्यपालांना नव्हे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. यात आणखी एक हानी आहे आणि ती आम्हांस अधिक गंभीर वाटते. अकार्यक्षम मंत्र्यालाही या व्यवस्थेत एक सोयीची सबब सापडते. आपल्या नाकर्तेपणाचे खापर तो खुशाल राजनिवासाच्या दारावर फोडू शकतो. लोकप्रतिनिधीला अधिकार नाकारणे म्हणजे त्याला जबाबदारीतून मोकळे करणे होय.

जून २०१८ मध्ये दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल आपल्या सहकाऱ्यांसह नायब राज्यपालांच्या निवासातील प्रतीक्षालयात नऊ दिवस ठाण मांडून बसले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुदुचेरीचे मुख्यमंत्री व्ही. नारायणसामी यांनी तेथील नायब राज्यपाल किरण बेदी यांच्या निवासाबाहेर धरणे धरले. मुख्यमंत्र्याने सरकारी वास्तूत सत्याग्रह करावा हे दृश्य शोभादायक नव्हते, आणि त्या प्रसंगी दोन्ही बाजूंनी तारतम्य सुटले होते असेच आमचे मत आहे. परंतु दोन निराळ्या प्रदेशांत, दोन निराळ्या पक्षांचे मुख्यमंत्री आठ महिन्यांच्या अंतराने एकाच प्रकारे रस्त्यावर येतात, तेव्हा दोष केवळ माणसांच्या स्वभावात नसून व्यवस्थेत आहे, हे उघड होते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते तीन प्रकारचे आहे आणि त्यातील एक आम्हांस वजनदार वाटते. पहिले म्हणणे असे की, हे प्रदेश लहान असल्यामुळे स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत. २०११ च्या जनगणनेत पुदुचेरीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. सिक्कीमची होती अवघी सहा लाखांवर. तरी सिक्कीम १९७५ पासून पूर्ण राज्य आहे. दुसरे म्हणणे सीमेच्या सुरक्षिततेचे. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत ते हटकून पुढे येते. पण अरुणाचल प्रदेशाची सीमा चीनला भिडली आहे आणि तो १९८७ पासून राज्य आहे. पंजाब व राजस्थान यांच्या सीमा पाकिस्तानला लागून आहेत आणि त्यांच्यावर नायब नेमावा असे कोणी म्हणत नाही. जम्मू-काश्मीरला लवकरात लवकर राज्याचा दर्जा परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजीच सांगितले आहे. तेथील जनतेने २०२४ च्या निवडणुकीत मतदान केले, ओमर अब्दुल्ला यांनी ऑक्टोबरमध्ये शपथ घेतली. परंतु पोलीस व सुव्यवस्था त्यांच्या हाती आली नाही. ज्या प्रदेशात लोकांचा मतपेटीवर विश्वास बसावा म्हणून राष्ट्राने एवढे कष्ट घेतले, तेथेच निवडलेल्या सरकारचे हात बांधून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरे म्हणणे राजधानीचे, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. जेथे संसद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, परदेशांच्या वकिलाती आहेत, त्या शहराची सुरक्षितता एका प्रादेशिक सरकारच्या मर्जीवर ठेवता येणार नाही. १९८९ च्या बाळकृष्णन समितीने दिल्लीला विधानसभा द्यावी पण राज्य करू नये असे सुचविले, त्यामागे हाच विचार होता. पूर्ण राज्याची आश्वासने देणाऱ्या पक्षांनीही सत्तेवर आल्यावर ती पाळली नाहीत. २००३ साली वाजपेयी सरकारने तसे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. आम्ही राजधानीचे हे वेगळेपण मान्य करतो. परंतु त्यासाठी पोलीस, सुव्यवस्था व जमीन हे तीन विषय केंद्राकडे आहेतच. ते केंद्राने उघडपणे आपल्या नावाने चालवावेत आणि त्यांचा जाब गृहमंत्र्यांनी संसदेत द्यावा. शाळेतील शिक्षकाची नेमणूक आणि दवाखान्यातील डॉक्टरची बदली यांत राष्ट्राची सुरक्षितता गुंतलेली आहे, असे मात्र कोणी आम्हांस सांगू नये.

महाराष्ट्राने या विषयाकडे परक्याच्या घरची भानगड म्हणून पाहू नये. विधान परिषदेवरील बारा सदस्यांच्या नावांची मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केलेली शिफारस येथील राजभवनात कशी पडून राहिली, हे आपण पाहिले आहे. दिल्लीसंबंधीचा निर्णय ज्या दिवशी लागला, त्याच ११ मे २०२३ रोजी त्याच घटनापीठाने, महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२२ साली विश्वासदर्शक ठरावाचा जो आदेश दिला तो समर्थनीय नव्हता, असेही सांगितले. राज्यपालांना स्वतःच्या मर्जीने पार पाडावयाचे असे कार्यच नाही, असे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केले होते. ज्या पदाला घटनेने इतके आखडून बांधले, त्याच्याकडूनही जर मर्यादा ओलांडल्या जातात, तर ज्या पदाला कायद्यानेच मोकळे रान दिले आहे त्याच्याविषयी काय बोलावे? शिवाय राज्याचा केंद्रशासित प्रदेश होऊ शकतो, हे २०१९ साली जम्मू-काश्मीरच्या बाबतीत प्रथमच घडले. तेव्हा हा प्रश्न दूरचा आहे असे समजण्याचे दिवस संपले आहेत.

मग करावे काय? जेथे विधानसभा नाही, तेथे केंद्राचा प्रशासक असणे अपरिहार्य आहे. अंदमानातील नायब राज्यपालांविषयी आमची तक्रार नाही. लडाखमध्ये लोकांना विधानसभा हवी की नको, हा प्रश्न स्वतंत्र आणि तितकाच निकडीचा आहे. जेथे विधानसभा आहे आणि राजधानी नाही, तेथे, म्हणजे पुदुचेरीत व जम्मू-काश्मीरमध्ये, पूर्ण राज्य द्यावे आणि नायब राज्यपालांच्या जागी घटनेने बांधलेले राज्यपाल नेमावेत. पुदुचेरीच्या विधानसभेने असे ठराव वारंवार केलेले आहेत. राहिली दिल्ली. तेथे तीन राखीव विषयांपलीकडे मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असावा; मतभेद राष्ट्रपतींकडे पाठविल्यास त्याची लेखी कारणे विधानसभेपुढे ठेवली जावीत आणि निर्णयाला ठराविक मुदत असावी; आणि मुख्यमंत्र्याला दोन अधिकाऱ्यांच्या मतांनी हरविणारे ते प्राधिकरण रद्द व्हावे. यासाठी क्रांतीची आवश्यकता नाही. संसदेच्या एका अधिवेशनाचे हे काम आहे.

दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाचे सरकार असल्यामुळे या सुधारणेतून आज कोणाचा पराभव होणार नाही आणि कोणाचा विजयही होणार नाही. म्हणूनच ती आज करावी. उद्या पुन्हा दोन पक्ष समोरासमोर आले की प्रत्येक सूचनेमागे हेतू शोधला जाईल आणि तत्त्वाचा विचार करण्यास कोणास उसंत राहणार नाही. दिल्लीतील प्रौढ मतदाराला मुंबईच्या किंवा पणजीच्या मतदारापेक्षा कमी समज आहे, असे सरकारचे मत असेल तर त्याने तसे स्पष्ट म्हणावे. तसे मत नसेल, तर मतपेटीतून जे सरकार बाहेर येते त्यालाच ‘सरकार’ म्हणण्यास संसदेने आता विलंब लावू नये.